आरआयआर, न्यू हॅम्पशायर की लेअरचा संकर? लाल कोंबड्यांची जात पिसाऱ्यावरून ओळखताना होणारा घोळ

‘आरआयआर म्हणून पिल्ले घेतली, पण वाढल्यावर कोंबड्या फिक्या निघाल्या, या खऱ्या आहेत का?’ परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न दर हंगामात थोड्याफार फरकाने पुन्हा विचारला जातो. सोबत बहुधा एक छायाचित्र असते, त्यात कोंबडी बाजूने दिसते, आणि ‘एवढा लाल रंग पुरेसा आहे का’ एवढेच विचारलेले असते. उत्तर देणारेही त्या एका रंगावरून मत देतात. एक जण ‘अस्सल’ म्हणतो, दुसरा ‘लेअर आहे’ म्हणतो, तिसरा न्यू हॅम्पशायरचे नाव घेतो, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तोच गोंधळ पुन्हा सुरू होतो.

महाराष्ट्रात हा घोळ मुख्यतः तीन प्रकारच्या पक्ष्यांमध्ये होतो. पहिला ऱ्होड आयलंड रेड, ज्याला सगळे आरआयआर म्हणतात. दुसरा तपकिरी अंडी देणारा व्यावसायिक लेअर संकर, म्हणजे दोन वाणांच्या मिश्रणातून खास अंड्यांसाठी तयार केलेला पक्षी. बीव्ही ३८० हे त्यातले आपल्याकडे सर्वांत परिचित नाव. तिसरा प्रकार म्हणजे आरआयआरचे रक्त असलेले, पण गावरान, फायूमी (मूळची इजिप्तची जात) किंवा दुसऱ्या एखाद्या रंगीत वाणाशी मिसळलेले पक्षी. न्यू हॅम्पशायरची शुद्ध जात आपल्याकडे क्वचितच दिसते. तिचे नाव मात्र फिक्या आरआयआरला सर्रास चिकटवले जाते, म्हणून तिचाही विचार पुढे केला आहे.

छटा का फसवते

लाल रंगाची छटा हे या सर्व पक्ष्यांमधले सर्वांत बेभरवशाचे लक्षण आहे. एकाच कोंबडीची पाठ पिसे झडून नवी आल्यानंतर गडद तांबडी दिसते, आणि तीच कोंबडी वर्षभर अंडी देऊन, विदर्भातल्या उन्हाळ्यात उघड्यावर फिरून विटकरी किंवा पिवळसर होते. पीस एकदा पूर्ण वाढले की त्यात नवा रंग येत नाही. ऊन, घर्षण आणि धूळ यांनी ते फक्त विटत जाते. याउलट पावसाळ्यात ओलसर पिसे प्रत्यक्षाहून गडद भासतात. मोबाइलचा कॅमेरा रंगाचा तोल स्वतःहून बदलतो, शेडमधला पिवळा दिवा त्यात भर घालतो, आणि विक्रेत्याने छायाचित्र थोडे गडद केले असेल तर बोलायलाच नको. छटेवरून निकाल द्यायचाच असेल, तर पक्षी सावलीत, दिवसाच्या उजेडात आणि प्रत्यक्ष हातात असावा. तरीही तो निकाल कच्चाच समजावा.

यापेक्षा भरवशाचा मार्ग असा, की लाल रंग थोडा वेळ बाजूला ठेवून अंगावर काळा रंग कुठे आहे, पांढरा कुठे आहे आणि पिसाच्या मुळाशी काय आहे, हे पाहावे. जातीचा खरा पुरावा या तीन ठिकाणी असतो.

प्रथम शेपटी

पूर्ण वाढलेल्या शुद्ध आरआयआरची शेपटी काळी असते. कोंबड्यात ती हिरवट चमक असलेली काळीभोर असते. कोंबडीत शेपटीची मुख्य पिसे काळी आणि त्यांच्यावर झुकलेली पिसे लालसर असू शकतात. पंखाच्या लांब पिसांतही काळा रंग असतो. पंख हाताने पसरला की त्या पिसांची एक बाजू लाल आणि दुसरी काळी दिसते. मिटलेल्या पंखात हा काळा भाग जवळजवळ पूर्ण झाकला जातो, त्यामुळे छायाचित्रात तो दिसत नाही आणि अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसते. उलट काही जण पंख पसरल्यावर काळे पाहून पक्षी मिश्र आहे असे समजतात आणि चांगला पक्षी बाजारात काढतात, हे त्याहून वाईट.

व्यावसायिक तपकिरी लेअर कोंबडीची शेपटी पांढुरकी, मलईच्या रंगाची किंवा फिक्या बदामी रंगाची असते. मानेच्या पिसांच्या टोकांना, पंखांत आणि पोटाखाली पांढरा रंग डोकावतो. ही कोंबडी कितीही लाल दिसली, तरी शुद्ध आरआयआर नाही. प्रदर्शनासाठी जातींची लक्षणे ठरवून देणाऱ्या अमेरिकन प्रमाणकानुसार आरआयआरच्या बाह्य पिसाऱ्यात एखादे संपूर्ण पांढरे पीस दिसले तरी पक्षी प्रदर्शनातून बाद होतो. मग सगळी शेपटीच पांढुरकी असलेल्या पक्ष्याबद्दल वाद घालण्याचे कारण उरत नाही.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एकच. सोनेरी की चंदेरी हे ठरवणारा जनुक याच गुणसूत्रावर असतो, आणि आरआयआरचा लाल रंग सोनेरी बाजूचा आहे. लाल कोंबडा आणि चंदेरी वाणाची पांढरी कोंबडी यांची जोडी लावली, की मुली आपले एकमेव झेड गुणसूत्र बापाकडून घेतात आणि लाल होतात. मुलगे आईकडून चंदेरी जनुकही घेतात आणि तो प्रभावी असल्यामुळे पांढुरके होतात. अंड्यातून बाहेर येताच नर आणि मादी रंगावरून वेगळे करता यावेत, यासाठीच व्यावसायिक हॅचरी ही जोडी वापरतात. फ्रान्समध्ये १९७८ साली तयार झालेली आयएसए ब्राउन आणि तिच्यासारखे बहुतेक तपकिरी लेअर याच तत्त्वावर उभे आहेत. या पांढऱ्या आईकडे बहुधा प्रभावी पांढऱ्या रंगाचा आणखी एक जनुक असतो. तो काळा रंग जवळजवळ पुसून टाकतो, पण लाल रंगाला फारसा हात लावत नाही. मुलीचे अंग म्हणून लाल राहते, आणि जिथे काळा यायला हवा होता, म्हणजे शेपटीत व पंखांत, तिथे पांढुरका रंग उरतो. कधी कधी तिथे एखादा काळा ठिपका निसटलेला दिसतो, तोही याच कारणाने. थोडक्यात, पांढुरकी शेपटी ही आरआयआरची ‘फिकी’ आवृत्ती नाही. दुसऱ्या वाणातून आलेल्या जनुकाची ती खूण आहे.

मात्र शेपटी काळी आहे म्हणून लगेच समाधान मानू नये. सर्वच लाल संकरांच्या आईकडे प्रभावी पांढरा जनुक नसतो. लाल कोंबडा आणि लाइट ससेक्स (पांढऱ्या अंगाची, मान व शेपटीत काळा रंग असलेली जात) कोंबडी यांच्या मुलींची शेपटी काळसरच राहते. तिथे मानेकडे पाहावे. मानेच्या पिसांच्या मध्यभागी लांब काळ्या रेघा असतील, तर संकराचा संशय घ्यावा. शुद्ध आरआयआर कोंबडीच्या मानेच्या खालच्या टोकाला काळ्याची अगदी थोडी झाक चालते. कोंबड्याच्या मानेवर मात्र ती नसावी. फायूमीचे रक्त असेल तर पंखांवर किंवा पाठीवर बारीक काळी आडवी नक्षी उमटते. बांगलादेशातली सोनाली कोंबडी आरआयआर कोंबडा आणि फायूमी कोंबडी यांच्यापासून झालेली आहे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी सोनाली हा वेगळाच संकर असून त्यात व्हाइट लेगहॉर्न कोंबडा आणि आरआयआर कोंबडी असते. नावातल्या साम्यामुळे विक्रेतेही या दोन्हींची गल्लत करतात, तेव्हा ‘सोनाली’ म्हटल्यावर कोणती, हे विचारूनच घ्यावे.

पाठीचे पीस मुळापर्यंत पाहणे

शेपटी आणि मान यांवरून प्रश्न सुटला नाही, तर कोंबडी हातात घेऊन पाठीवरची पिसे बोटांनी विलग करावीत आणि कातडीपर्यंत पाहावे. पिसाचे वरचे टोक आपल्याला नेहमी दिसते. मुळाकडचा मऊ, कापशी भाग झाकलेला असतो, आणि उन्हाचा किंवा धुळीचा त्यावर फारसा परिणाम झालेला नसतो. चांगल्या आरआयआरमध्ये हा भागही लाल असतो आणि लाली कातडीपर्यंत उतरते. न्यू हॅम्पशायरमध्ये तो फिकट, गुलाबीकडे झुकणारा असतो. लेअर संकरात तो सहसा पांढरा किंवा पिवळसर पांढरा निघतो, आणि अशा पक्ष्याची पिसे वाऱ्याने उडाली तरी आतला पांढरा रंग चमकून जातो.

मुळाशी राखाडी पट्टा दिसला तर काय समजावे? आरआयआरमध्ये तो दोष मानला जातो. अमेरिकेतल्या बकआय या जातीत मात्र पाठीच्या पिसांच्या मुळाशी राखाडी पट्टा असणे हेच प्रमाण आहे. ही जात ओहायो राज्यातल्या नेटी मेटकाफ यांनी तयार केली, आणि तिचा तुरा असीलसारखा बुटका, तीन रांगांचा असतो. बकआय आपल्याकडे जवळजवळ नाहीच, त्यामुळे महाराष्ट्रात लाल पक्ष्याच्या मुळाशी राखाडी दिसला आणि तुराही बुटका असला, तर बकआयचा नव्हे, असीलचा किंवा गावरान रक्ताचा विचार आधी करावा.

कोकणात एक अडचण वेगळी येते. जांभ्याच्या तांबड्या मातीत अंग घोळवणाऱ्या कोंबडीच्या पांढऱ्या पिसांना आणि मुळाकडच्या लवेलाही लालसर डाग बसतात. शंका असेल तर एक गळलेले पीस साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवावे. मातीचा रंग निघून जातो, पिसाचा स्वतःचा रंग राहतो.

आरआयआर की न्यू हॅम्पशायर

हे दोन वाण सख्खेच आहेत, म्हणून इथे घाई करू नये. आरआयआरचा उगम एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या लिटल कॉम्प्टन परिसरात झाला. तिथल्या शेतकऱ्यांच्या कोंबड्यांत मलाया वाणाच्या लाल कोंबड्यांचे रक्त आले होते, आणि आजच्या गडद रंगाचा एक धागा तिथपर्यंत जातो. एकेरी तुऱ्याच्या आरआयआरला अमेरिकन प्रमाणकात १९०४ मध्ये मान्यता मिळाली. या पक्ष्याचे तिथे १९२५ मध्ये स्मारक उभारले गेले आणि १९५४ मध्ये तो ऱ्होड आयलंडचा राज्यपक्षी झाला, हे आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना माहीत असेल. त्याच भागातल्या न्यू हॅम्पशायर राज्यात याच आरआयआरमधून लवकर वाढणारे, लवकर पिसे येणारे आणि अंगात भरणारे पक्षी साधारण १९१५ पासून निवडले जाऊ लागले; रंगाकडे तिथे दुय्यम लक्ष होते. १९३५ मध्ये तो स्वतंत्र वाण म्हणून मान्य झाला. आरआयआरच्या प्रदर्शनी पैदासकारांनी याच काळात रंग इतका गडद केला की काही पक्षी जवळजवळ काळपट दिसू लागले. आज दोघांमध्ये दिसणारे रंगाचे अंतर अशा दोन उलट दिशांच्या निवडीतून आले आहे.

ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारावा: अंगभर लाल एकसारखा आहे का? आरआयआरमध्ये मान, पाठ, छाती आणि पंख यांचा लाल रंग शक्य तितका समान असतो. न्यू हॅम्पशायर कोंबड्यात डोके आणि मान सोनेरी लाल, पाठ त्याहून गडद आणि छाती पुन्हा वेगळ्या छटेची, असे टप्पे स्पष्ट दिसतात. न्यू हॅम्पशायर कोंबडीच्या मानेच्या खालच्या पिसांना काळी टोके असतात आणि ती गळ्यातल्या तुटक माळेसारखी उठून दिसतात. दोघांची शेपटी काळीच असते, तेव्हा तिच्यावरून निवाडा होणार नाही. शरीराची ठेवण मदत करते: आरआयआर लांबट आणि सपाट पाठीचा असतो, न्यू हॅम्पशायर आखूड, रुंद आणि खोल छातीचा. वजनाचा इथे उपयोग नाही. प्रमाणकात दोघांच्या कोंबड्याचे वजन सुमारे ३.९ किलो आणि कोंबडीचे सुमारे २.९ किलोच दिले आहे. लेअर संकराच्या बाबतीत मात्र वजन बोलते, कारण अंड्यांसाठी निवडलेली ती कोंबडी साधारण २ किलोच्या आसपास राहते.

आपल्याकडच्या आरआयआरकडून अमेरिकन प्रदर्शनातल्या काळपट लाल रंगाची अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंड्यांच्या संख्येसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कळपात रंग मध्यम लाल होतो, आणि शेपटी काळी, मुळाशी लाली व अंगभर समानता टिकून असेल तर असा पक्षी पैदाशीला चांगलाच आहे. त्याला केवळ फिका म्हणून न्यू हॅम्पशायर ठरवणे हे अज्ञान आहे, आणि त्याच कारणाने त्याची किंमत पाडणे ही लबाडी.

पांढरे दिसले तरी जात शुद्ध असण्याची शक्यता

वाढत्या वयातल्या पिल्लांच्या पंखात पांढरी पिसे किंवा पांढरे आडवे पट्टे येतात, तेव्हा पालक घाबरतात. रंगीत जातींमध्ये लायसिन, फॉलिक अॅसिड, लोह किंवा तांबे कमी पडले तर वाढणाऱ्या पिसात रंगद्रव्य नीट तयार होत नाही. केवळ तांदळाची कणी, मका आणि उरलेसुरले अन्न यांवर वाढवलेल्या पिल्लांत लायसिनची कमतरता सहज होऊ शकते. अशा वेळी पांढरा भाग बहुधा त्या काळात वाढलेल्या पिसांपुरता असतो. पिल्लांचे संतुलित खाद्य सुरू केल्यावर आलेली नवी पिसे नेहमीच्या रंगाची असतात. खाद्य सुधारूनही पुढच्या पिसांत पांढरे तसेच येत राहिले, तर कारण रक्तात आहे. जखम झालेल्या किंवा दुसऱ्या कोंबड्यांनी टोचलेल्या जागी एखादे पांढरे पीस येणे हेही जातीविषयी काही सांगत नाही.

वयाचे भानही ठेवावे लागते. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाची पिसे कधी फिकी, कधी काळ्या कडांची असतात आणि शेपटी अर्धवट वाढलेली असते. नराची शेपटीची वळलेली लांब पिसे त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी भरतात. तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण पाच महिन्यांनंतर, पिसाऱ्यावरून दिलेले मत ग्राह्य धरावे. त्याआधी छायाचित्र पाठवून निकाल मागणाऱ्याला थांबायला सांगणे हेच योग्य उत्तर आहे.

खरेदीच्या वेळी

एक दिवसाच्या पिल्लांत पिसाऱ्याची तपासणी शक्य नसते, पण कळपाकडे पाहता येते. शुद्ध आरआयआरची नर आणि मादी पिल्ले दोन्ही तांबूस असतात. नरांच्या पंखावर बहुधा फिकट ठिपका असतो, परंतु त्यावरून केलेली निवड पूर्ण अचूक नसते. म्हणून ‘शुद्ध आरआयआर, फक्त माद्या, रंगावरून शंभर टक्के खात्री’ असे कोणी सांगत असेल, तर तो बहुतेक लेअर संकर विकत आहे, कारण रंगावरून खात्रीने मादी ओळखता येणे हे संकराचेच लक्षण आहे. लाल माद्यांबरोबर पांढुरके नर स्वस्तात मिळत असतील तर शंकेलाही जागा नाही. शक्य असेल तर पिल्लांचे आईबाप पाहावेत, आणि तेही दोन्ही. लाल कोंबडा दाखवून पांढऱ्या कोंबड्या मागच्या खुराड्यात ठेवणे फार सोपे असते.

मोठे पक्षी घेताना कोंबडी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शेपटी, पसरलेला पंख, मान आणि पाठीच्या पिसाचे मूळ, या क्रमाने पाहायला दोन मिनिटे पुरतात. तुरा आणि पाय शेवटी पाहावेत. आरआयआरमध्ये तुरा एकेरी दातेरी किंवा चपटा व मागे निमुळता असू शकतो, कानाची पाळी लाल असते आणि पाय पिवळे, बहुधा तांबूस झाक असलेले. लेअर संकराचे पायही पिवळेच असतात, त्यामुळे पिवळे पाय शुद्धतेचा पुरावा होत नाहीत. निळसर पाय मात्र मिश्रणाकडे बोट दाखवतात.

संकर घरात आले असतील तर

अंडी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी पाळायच्या असतील, तर लेअर संकर निघाल्याचे फार दुःख करू नये. चांगले खाद्य मिळाले तर ती कोंबडी पहिल्या वर्षात ३०० च्या आसपास अंडी देते, आणि तेवढी अंडी शुद्ध आरआयआर देत नाही. अडचण येते ती तिची अंडी उबवल्यावर. संकर कोंबडा आणि संकर कोंबडी यांच्या पिल्लांत सोनेरी आणि चंदेरी जनुक पुन्हा विभागले जातात, आणि दोन्ही लिंगांत लाल व पांढुरकी पिल्ले मिसळून येतात. पहिल्या पिढीत रंगावरून नर-मादी सांगता येत होते, ते दुसऱ्या पिढीत येत नाही, आणि अंड्यांचे प्रमाणही तसे टिकत नाही. ज्याच्याकडे कळप मिश्र आहे की शुद्ध हे कळत नाही, त्याच्यासाठी ही एक चांगली कसोटी आहे: एकाच खुराड्यातल्या पक्ष्यांची वीस-पंचवीस अंडी खुडूक कोंबड्यांखाली किंवा यंत्रात उबवावीत. शुद्ध कळपातून सगळी तांबूस पिल्ले येतील. कोंबडाही लेअर संकर असेल, तर पांढुरकी पिल्ले डोकावतील.

पैदाशीसाठी शुद्ध कळप हवा असेल, तर पांढुरकी शेपटी आणि मुळाशी पांढरी लव असलेल्या कोंबड्या वेगळ्या खुराड्यात ठेवाव्यात आणि कोंबडा तरी निश्चित शुद्ध असलेला आणावा. कोंबडीने दुसऱ्या कोंबड्याचा सहवास सोडल्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, म्हणून वेगळे केल्याच्या दिवसापासून साधारण तीन आठवडे गोळा झालेली अंडी उबवायला ठेवू नयेत. ज्या कोंबडीबद्दल अजूनही निर्णय होत नाही, तिच्या पाठीवरचे एक पीस पायातल्या कड्याचा क्रमांक आणि महिना लिहून कागदी पाकिटात जपावे, आणि पुढची पिसे झडून नवी आली की नव्या पिसाचे मूळ त्याच्याशी ताडून पाहावे.